स्मृतिभ्रंश व त्यावरील राष्ट्रव्यापी संशोधन

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. एके सोमवारीं प्रार्थना आटोपून वर्ग नुकतेच भरले होते. इतक्यांत एक वृद्ध गृहस्थ छत्री सांवरीत फाटकांतून आंत आले, कोणासही कांहीं न विचारतां सरळ सहावीच्या वर्गांत गेले आणि खुर्चीवर बसून हजेरी घेऊं लागले. हे आमच्या शाळेचे मराठीचे निवृत्त गुरुजी. त्यांच्याच हाताखालीं आम्ही समास व अलंकार शिकलों. परंतु ते जीं नांवें पुकारीत होते, तीं समोर बसलेल्या मुलांचीं नव्हतीं. तीं तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वींच्या वर्गाचीं होतीं.

वर्गांतील मुलें प्रथम हंसलीं. मुलेंच तीं; त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण तिसरें कीं चौथें नांव आलें तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली आणि शांतपणें म्हणाली, “हजर, गुरुजी.” नांव तिचें नव्हतें. तिच्यामागून दुसऱ्या नांवास दुसऱ्या मुलानें उत्तर दिलें, आणि हंसणें आपोआप थांबलें. आम्ही दारापर्यंत पोहोंचलों तेव्हां पुकारा आमच्याच नांवाचा चालला होता. आम्हीही “हजर” म्हणालों. गुरुजींनीं मान वर करून पाहिलें; पण समोर उभ्या असलेल्या प्रौढ माणसांत त्यांना तो विद्यार्थी दिसला नाहीं.

थोड्या वेळानें त्यांचे चिरंजीव धांवत आले. दोन वर्षांपासून हें असें चाललें आहे, असें त्यांनीं खालच्या आवाजांत सांगितलें. शेजाऱ्यांस कळूं नये म्हणून घरच्यांनीं ही गोष्ट झांकून ठेविली होती. एका डॉक्टरांस दाखविलें, तेव्हां ‘वय झालें, आतां असेंच चालावयाचें’ एवढेंच उत्तर मिळालें होतें.

दुसऱ्या दिवशीं त्याच मुलीनें आम्हांस विचारलें, “सर, या रोगावर औषध कां नाहीं? आणि तें शोधावयाचें तरी कोणीं?” वर्गांत पांच मिनिटांत उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता. वार्षिकांत लिहूं असें वचन आम्हीं तिला दिलें. तें पाळण्याचा हा प्रयत्न आहे.

रोगाचें स्वरूप

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चष्मा कोठें ठेवला तें विसरणें हा रोग नव्हे. चष्मा हातांत असून तो कशासाठीं असतो हें न कळणें, हें मात्र रोगाचें लक्षण होऊं शकतें. वयाबरोबर स्मरण थोडें मंद होतें हें खरें. परंतु स्मृतिभ्रंश हें वार्धक्याचें अटळ फळ नव्हे. मेंदूच्या पेशी झिजविणाऱ्या निरनिराळ्या रोगांमुळें स्मरण, भाषा, विचार व निर्णय या शक्ति इतक्या क्षीण होतात कीं मनुष्यास नित्याचे व्यवहार स्वतः करतां येत नाहींत. या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या विकारानेंही ती येते, इतर कारणांनींही येते. परंतु शंभरापैकीं साठ ते सत्तर रोग्यांत अल्झायमरचा रोग हें कारण असतें.

हें नांव एका जर्मन वैद्याचें. १९०१ सालीं फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत आउगुस्टे डेटर नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपलें नांव लिहावयास सांगितलें, तर तेंही तिच्यानें पुरें होईना. आलॉइस अल्झायमर यांनीं तिच्याशीं झालेलीं संभाषणें बारकाईनें टिपून ठेविलीं. १९०६ मध्यें ती वारल्यावर त्यांनीं तिच्या मेंदूचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे चट्टे सांचले होते आणि पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झाला होता. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्युबिंगन येथील सभेंत त्यांनीं हा वृत्तान्त वाचला. सभेनें त्याची फारशी दखल घेतली नाहीं. चट्ट्यांच्या द्रव्यास आज अमायलॉइड व गुंत्याच्या द्रव्यास टाउ म्हणतात; हीं दोन्हीं प्रथिनें आहेत.

रोगाचा विस्तार केवढा, हेंही सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें पीडित होते. आपल्या देशांतील एक मोठी पाहणी २०२३ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत साठ वर्षें व त्यावरील वयाच्या शंभर माणसांपैकीं सुमारें सात जणांस, म्हणजे सुमारें ८८ लक्ष लोकांस, हा विकार असावा असा अंदाज निघाला. तेव्हां गुरुजींच्या घरीं जें झांकून ठेविलें होतें, तें पुष्कळ घरीं आहे.

चाचणी म्हणजे काय?

नवें औषध गुणकारी आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें? ‘अमक्यानें घेतलें व त्यास बरें वाटलें’ हा पुरावा नव्हे. कदाचित् त्यास औषधावांचूनही बरें वाटलें असतें. म्हणून तुलना पाहिजे. १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें स्कर्व्हीनें पीडित बारा खलाशी निवडले, दोघांदोघांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. ज्यांस संत्रीं व लिंबू मिळालें ते दोघे झपाट्यानें सुधारले. तुलनेचा हा प्रसिद्ध आरंभ होय.

पुढें आणखी एक सुधारणा झाली. कोणास औषध द्यावयाचें हें वैद्यानेंच ठरविलें, तर तो नकळत सशक्त रोगी एका बाजूस घालील. म्हणून निवड दैवावर सोंपविली पाहिजे. १९४८ सालीं ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळानें क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची चाचणी प्रसिद्ध केली. एकंदर १०७ रोगी होते. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस केवळ विश्रांति. कोण कोठें जाणार हें बंद पाकिटांतील चिठ्ठीवर अवलंबून होतें. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांत चार जण मरण पावले होते, दुसऱ्यांत चौदा.

येथें विद्यार्थी विचारतील, शंभर-सव्वाशें रोग्यांत क्षयाचा निकाल लागला, तर स्मृतिभ्रंशास हजारों कां लागावेत? याचें उत्तर आपल्या गणिताच्या पुस्तकांत आहे. एक नाणें दहा वेळां उडवा. सात किंवा अधिक वेळां छाप पडला तरी आश्चर्य करूं नका. सहांपैकीं सुमारें एका खेपेस तसें घडतेंच. पण तेंच नाणें हजार वेळां उडविलें व सातशें वेळां छाप पडला, तर नाण्यांतच कांहीं खोट आहे असें बेलाशक समजा. फरक मोठा असेल तर थोडक्या माणसांतही तो दिसतो. फरक लहान असेल, रोग हळूहळू वाढणारा असेल व प्रत्येक रोग्याची चाल निराळी असेल, तर पुष्कळ माणसें दीर्घकाळ पाहावीं लागतात. स्मृतिभ्रंशाच्या बाबतींत या तिन्ही अडचणी एकत्र आल्या आहेत.

आतां एका शहरांतील एका रुग्णालयाकडे पाहा. तेथें एखाद्या चाचणीस योग्य असे रोगी वर्षाकांठीं किती मिळणार? कोणी फार आजारी, कोणास दुसरा रोग, कोणास सोबत येणारें माणूस नाहीं. पांच-दहा मिळाले तरी पुष्कळ. आणि शेजारच्या जिल्ह्यांत एखादा रोगी भाग घेण्यास उत्सुक असला, तरी त्या चाचणीची वार्ता त्याच्या कानीं जाणार कशी? औषध शोधणारा व औषधाची वाट पाहणारा यांची गांठ पडत नाहीं, हीच मुख्य अडचण.

एका पत्राची गोष्ट

ही गांठ दैवयोगानें पडली तर काय होतें, याचें एक उदाहरण सांगतों. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथें कॅरोल जेनिंग्ज नांवाची एक बाई होती. तिचे वडील व त्यांचीं अनेक भावंडें पन्नाशीच्या सुमारासच अल्झायमरनें ग्रासलीं गेलीं. तेथील अल्झायमर संस्थेच्या वार्तापत्रांत तिनें एक निवेदन वाचलें: लंडनमधील संशोधकांस असा रोग एकाहून अधिक माणसांस झालेलीं कुटुंबें पाहिजे होतीं. १९८६ सालीं तिनें त्यांस पत्र लिहिलें व आपल्या घराण्याची हकीकत कळविली.

पत्र सेंट मेरीज रुग्णालयांतील संशोधकांच्या हातीं पडलें. त्यांनीं कुटुंबांतील आजारी व निरोगी अशा दोन्हीं माणसांचें रक्त तपासलें, वंशावळ मांडली आणि आजाऱ्यांत आढळणारी व निरोग्यांत न आढळणारी अशी आनुवंशिक खूण कोणती, याचा शोध चालविला. १९९१ सालीं जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्तर प्रसिद्ध केलें. ज्या मोठ्या प्रथिनापासून अमायलॉइड तयार होतें, त्याच्या जनुकांत एका अक्षराचा बदल झालेला होता. असे निव्वळ आनुवंशिक रोगी फार थोडे, शेंकडा एकाहूनही कमी. परंतु अमायलॉइडकडे बोट दाखविणारा हा भक्कम पुरावा ठरला, आणि पुढील तीस वर्षांचें औषधसंशोधन पुष्कळ अंशीं याच वाटेनें गेलें.

आपल्या रक्तांत ती खूण आहे कीं नाहीं, हें जाणून घेण्याचें त्या बाईनें नाकारलें. पण संशोधनास साह्य करणें सोडलें नाहीं. पुढें तिलाही तोच रोग झाला आणि २०२४ सालीं ती वारली. एका मुलीनें वडिलांच्या काळजीपोटीं लिहिलेल्या पत्राचें हें फळ. पण विचार करा: तें वार्तापत्र तिच्या हातीं पडलेंच नसतें तर?

जाळें कसें विणलें गेलें

जी गोष्ट दैवयोगानें एकदां घडली, ती व्यवस्थेनें नित्य घडावी, हाच राष्ट्रीय संशोधन-जाळ्याचा हेतु. २००५ सालीं इंग्लंडांत स्मृतिभ्रंश व पार्किन्सनसारख्या मज्जासंस्थेच्या झिजेच्या रोगांसाठीं एक जाळें स्थापन झालें. ‘डेन्ड्रॉन’ हें त्याचें संक्षिप्त नांव. त्या देशांत बहुतेक सर्व लोकांचे औषधोपचार सरकारी आरोग्यसेवेतून होतात. त्यामुळें तिच्याच रुग्णालयांतून संशोधनाच्या परिचारिका नेमणें, चाचण्यांची माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोंचविणें व रोगी मिळविण्यास साह्य करणें शक्य झालें. २०१४ सालीं हें जाळें इतर रोगांच्या जाळ्यांसह एका मोठ्या राष्ट्रीय संशोधन-जाळ्यांत विलीन करण्यांत आलें, व २०२४ मध्यें त्याचीही पुनर्रचना झाली. नांवें बदललीं, काम चालूंच राहिलें.

यांतूनच २०१५ सालीं ‘जॉइन डिमेन्शिया रिसर्च’ ही देशव्यापी नोंदवही सुरू झाली. सरकारी आरोग्य-संशोधन संस्था व अल्झायमरसाठीं झटणाऱ्या तीन धर्मादाय संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम आहे. तो असा चालतो. अठरा वर्षांवरील कोणीही मनुष्य, मग तो रोगी असो वा निरोगी, आपलें नांव, वय, गांव व प्रकृतीची माहिती नोंदवितो. हें संगणकावरून करतां येतें, टेलिफोनवरून करतां येतें, कागदी अर्ज भरूनही करतां येतें. ज्यास स्वतः जमत नाहीं त्याच्यासाठीं त्याचा जवळचा माणूस नोंद करूं शकतो. दुसऱ्या बाजूनें संशोधक आपल्या अभ्यासास कशीं माणसें पाहिजेत तें लिहितात. दोन्हीं नोंदी ताडून पाहून योग्य माणसें निवडलीं जातात व मग त्यांच्याकडे विचारणा होते. नुसती नोंद केल्यानें कोणीही कोणत्याही चाचणीस बांधला जात नाहीं. प्रत्येक वेळीं पुन्हां विचारलें जातें आणि प्रत्येक वेळीं ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक असते.

निरोगी माणसें कशास पाहिजेत, अशी शंका कोणी घेईल. मेंदूंतील बदल लक्षणांच्या कित्येक वर्षें आधीं सुरू होतात, हें आतां सिद्ध झालें आहे. तो आरंभ ओळखावयाचा तर निरोग्यांशीं तुलना हवीच. अमेरिकेंत जोगिणींच्या एका संघांतील ६७८ वृद्ध भगिनींनीं दरवर्षीं स्मरणाची परीक्षा देण्याचें व मृत्यूनंतर मेंदू दान करण्याचें मान्य केलें होतें. त्या अभ्यासांत असें आढळलें कीं, कांहीं भगिनींच्या मेंदूंत रोगाच्या खुणा पुष्कळ असूनही जिवंतपणीं त्यांची बुद्धि शाबूत होती. असें कां व्हावें, हा प्रश्न आजही संशोधकांस कामास लावीत आहे.

इतर राष्ट्रांनींही आपापल्या परीनें हाच मार्ग धरिला. अमेरिकेनें १९९१ सालीं अल्झायमरच्या चाचण्यांसाठीं विद्यापीठांचें सहकारी मंडळ स्थापिलें. २०१७ सालीं त्या कामासाठीं नवा संघ उभा केला. २००४ मध्यें तेथें सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासानें मेंदूचीं चित्रें व इतर तपासण्यांची माहिती जगांतील संशोधकांस खुली करून दिली. जर्मनीनें २००९ मध्यें अनेक शहरांत शाखा असलेलें राष्ट्रीय केंद्र काढलें, व कॅनडानें २०१४ मध्यें आपल्या संशोधकांचा एक संघ बांधला.

संमतीचा प्रश्न

येथें एक नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. चाचणीस रोग्याची संमति पाहिजे. आणि ज्यास कालचें आठवत नाहीं त्याची संमति घ्यावी कशी? पालकांनीं या प्रश्नाचा विचार अवश्य करावा, कारण उद्यां तो त्यांच्याच घरीं उभा राहूं शकतो.

इंग्लंडांत २००५ सालीं झालेल्या कायद्यानें याचें उत्तर देण्याचा यत्न केला आहे. निदान झालें म्हणजे निर्णयशक्ति संपली असें मानावयाचें नाहीं. आरंभीच्या काळांत बहुतेक रोगी सावकाश समजावून सांगितल्यास स्वतः निर्णय घेऊं शकतात. ज्यास तो घेतां येत नाहीं त्याला संशोधनांत घ्यावयाचें तर तें संशोधन त्याच्याच विकारासंबंधीं असलें पाहिजे, आणि संमति देऊं शकणाऱ्या माणसांवर तें तितकेंच चांगलें होण्याजोगें नसावें. त्याची निगा राखणाऱ्या आप्तास विचारलें पाहिजे कीं, ‘हे शुद्धींत असते तर यांस काय आवडलें असतें?’ तुम्हांस काय सोयीचें, असा तो प्रश्न नव्हे. आणि रोग्यानें हात मागें घेतला, तोंड फिरविलें, नाखुषी दाखविली, तर तेथेंच थांबलें पाहिजे. नव्या औषधांच्या चाचण्यांस निराळे नियम लागूं असून तेथें अशा रोग्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची संमति लागते. दोन्हीं ठिकाणीं नीतिविषयक समितीची मंजुरी आधीं घ्यावी लागते.

आम्हांस यांतील एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याची स्मृति गेली त्याची इच्छा गेली नाहीं, हें या नियमांचें मूळ आहे. घरांतही आपण इतकें मानलें तर पुष्कळ होईल.

फळ किती व मोल किती

इतक्या खटाटोपाचें फळ काय मिळालें? येथें अतिशयोक्ति करणें म्हणजे दुःखी माणसांस फसविणें होय. म्हणून जें आहे तें सांगतों.

अनेक वर्षें एकामागून एक औषधें चाचणींत नापास झालीं. अखेर लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीचा निकाल २०२२ च्या अखेरीस जाहीर झाला. हें औषध मेंदूंतील अमायलॉइड काढून टाकतें. तीन खंडांतील दोनशेंहून अधिक ठिकाणीं १,७९५ रोगी या चाचणींत होते. सर्व जण रोगाच्या आरंभींच्या अवस्थेंतील. निम्म्यांस दर दोन आठवड्यांनीं औषध शिरेंतून दिलें, निम्म्यांस तसेंच दिसणारें पण औषध नसलेलें द्रव्य. कोणास काय मिळत आहे हें रोग्यांस व तपासणाऱ्यांस ठाऊक नव्हतें. अठरा महिन्यांनीं पाहतां दोन्हीं गट खालावलेच होते. पण औषध घेणाऱ्यांची घसरण सुमारें २७ टक्क्यांनीं कमी भरली. अठरा गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता. शिवाय औषध घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें तेरा जणांच्या मेंदूस सूज आल्याचें चित्रांत दिसलें. बहुतेकांस तिची बाधा जाणवली नाहीं, तरी हा धोका लहान म्हणतां येत नाहीं.

अमेरिकेनें जुलै २०२३ मध्यें या औषधास पूर्ण मान्यता दिली. ब्रिटनमध्यें २२ ऑगस्ट २०२४ रोजीं एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. औषधास परवाना मिळाला, आणि त्याच दिवशीं खर्च व लाभ तोलणाऱ्या दुसऱ्या संस्थेनें आपल्या मसुद्यांत म्हटलें कीं, लाभ इतका अल्प आहे कीं सरकारी आरोग्यसेवेनें हा खर्च करूं नये. एकाच औषधाचे दोन न्याय, आणि दोन्हीं प्रामाणिक! औषध काम करतें कीं नाहीं हा एक प्रश्न. तें किती काम करतें व कोणास परवडतें हा दुसरा. चाचणीच झाली नसती तर दोहोंचेंही उत्तर मिळालें नसतें.

म्हणून नापास झालेल्या चाचण्यांतील रोग्यांचे श्रम व्यर्थ गेले असें कोणीं समजूं नये. ही वाट बंद आहे असें ज्यानें सांगितलें, त्यानें मागून येणाऱ्यांची पायपीट वांचविली. ज्यांस औषधाऐवजीं नुसतें द्रव्य मिळालें त्यांचेंही कार्य तितकेंच आवश्यक होतें; त्यांच्यावांचून तुलनाच झाली नसती.

आपल्या देशाकडे पाहतां

स्मृतिभ्रंशाचे बहुसंख्य रोगी विकसनशील देशांत आहेत. १९९८ सालीं कोची येथें जमलेल्या संशोधकांनीं एक मंडळ काढलें आणि त्याचें नांवच ‘१०/६६’ असें ठेविलें. कारण जगांतील दोनतृतीयांश, म्हणजे सुमारें ६६ टक्के, रोगी अशा देशांत असून तेथें होणारें संशोधन १० टक्क्यांहूनही कमी होतें. या मंडळानें एक महत्त्वाची अडचण ओळखली. स्मरणाच्या पुष्कळ परीक्षा शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या माणसांसाठीं रचलेल्या असतात. जी आजी कधीं शाळेंतच गेली नाहीं, तिला उलट्या क्रमानें वजाबाकी करावयास सांगून ती चुकली तर तो रोग कीं निरक्षरता? म्हणून अशिक्षितांसही न्याय मिळेल अशी परीक्षा त्यांनीं तयार केली. केरळांत १९९२ सालीं स्थापन झालेली अल्झायमर व तत्सम विकारांची भारतीय संस्था रोग्यांच्या कुटुंबांस साह्य करीत आली आहे.

पालकांनीं लक्षांत ठेवण्याजोग्या दोन गोष्टी येथें सांगतों. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २००७ सालीं चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली, व जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तींत नोंद सक्तीची झाली. ही नोंदवही कोणासही पाहतां येते. तसेंच २०१९ च्या नियमांप्रमाणें चाचणीमुळें इजा झाल्यास रोग्यास विनामूल्य उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तेव्हां कोणीं ‘स्मरणशक्तीवर नवा अक्सीर उपाय’ म्हणून पैसे मागूं लागला, तर प्रथम विचारावें: याची चाचणी कोठें झाली? नोंद कोठें आहे? खऱ्या संशोधकास या प्रश्नांचा राग येत नाहीं.

आपलें कर्तव्य

रोग बरा करण्याचें औषध आज नाहीं; परंतु हात जोडून बसावें असेंही नाहीं. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’च्या आयोगानें चौदा कारणें सांगितलीं. तीं सर्व दूर झालीं तर जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळूं शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्याचा अंदाज आहे. लहानपणीं कमी शिक्षण, उपचार न केलेलें बहिरेपण व दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील घातक चरबी, स्थूलता, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्यास मार, नैराश्य, एकटेपणा व दूषित हवा हीं तीं कारणें होत. वाचकहो, ही यादी पुन्हां पाहा. पहिलें कारण तुमच्या वयाचें आहे. शाळेंतून मध्येंच काढून घेतलेली मुलगी साठ वर्षांनंतर त्याची किंमत देऊं शकते. आजोबांस कानाचें यंत्र घेऊन देणें, दुचाकीवर बसतांना शिरस्त्राण घालणें, एकट्या आजीजवळ रोज अर्धा तास बसणें, यांस राष्ट्रीय जाळें लागत नाहीं.

आतां गुरुजींविषयीं. त्या दिवसानंतर त्यांच्या घरच्यांनीं शहरांतील मेंदुरोगतज्ज्ञांस दाखविलें. निदान झालें, रक्तदाबाचा उपचार सुरू झाला, आणि मुख्य म्हणजे लपविणें थांबलें. आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर सहावीचीं दोन-तीन मुलें आळीपाळीनें त्यांच्याकडे जातात व पाठ्यपुस्तकांतील धडा वाचून दाखवितात. कोणाचें नांव त्यांस आठवत नाहीं. पण मुलानें ऱ्हस्वाचा उच्चार दीर्घ केला तर ते अजूनही बोट वर करतात. त्या मुलीस ते रोज नवी विद्यार्थिनी समजतात. तिला त्याचें कांहीं वाटत नाहीं.

तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग होता, ‘शोधावयाचें तरी कोणीं?’ उत्तर इतकेंच कीं, तें एकट्या शास्त्रज्ञाच्यानें होणारें नाहीं आणि एकट्या रोग्याच्यानेंही नाहीं. ज्या राष्ट्रांनीं जाळीं विणलीं त्यांनीं दुसरें काय केलें? एक मोठी हजेरीवही उघडली आणि रोगी, त्यांचीं मुलेंबाळें, परिचारिका व धडधाकट शेजारी या सर्वांस पुकारलें. आपल्या देशांतही अशी वही घरोघरीं पोहोंचेल, आणि आज सहावींत असलेल्या मुलांपैकीं कोणी ती लिहील, कोणी तींत नांव घालील. तोंपर्यंत वर्गांत येऊन कोणी चुकीचें नांव पुकारलें, तर हंसूं नका. उभे राहून ‘हजर’ म्हणा.